फोडणी वर, धूर तळघरात: लाकडाच्या स्टोव्हला बाहेरची हवा द्यावी का?

प्रश्न न्यू हॅम्पशरमधल्या नॅशुआजवळून आला आहे. थोडक्यात असा: घर २०१६ सालचं, दोन मजले आणि खाली तळघर. तळघरात लाकडाचा स्टोव्ह, त्याचं धुराडं बाहेरच्या भिंतीला लागून वर गेलेलं. गेल्या वर्षी स्वयंपाकघर नव्यानं केलं, तेव्हा फोडणीचा ठसका आणि तळणीचा वास घरभर राहू नये म्हणून ९०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ९०० घनफूट हवा बाहेर टाकणारा, हूड बसवला. तेव्हापासून सकाळी हूड लावला की तळघरात धुराचा वास येतो. रात्री स्टोव्ह धडाडून पेटलेला असताना मात्र काही होत नाही. स्टोव्हचा दुकानदार म्हणतो, चार इंची नळीनं बाहेरची हवा थेट स्टोव्हला द्या, प्रश्न मिटेल. शेजारचे जुने-जाणते गृहस्थ म्हणतात, ते बाहेरच्या हवेचं किट म्हणजे पैसे पाण्यात. प्रश्न पाठवणाऱ्या ताई विचारतात, खरं कोणाचं?

ताई, उत्तर लांबलचक आहे, म्हणून आज रात्रीपुरतं आधी सांगतो. हूड पहिल्या वेगाच्या वर नेऊ नका. स्टोव्हमध्ये निखारे असतील तेव्हा हूड, कपड्यांचा ड्रायर आणि बाथरूमचा पंखा एकाच वेळी चालवू नका. तळघरात आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म नसतील तर उद्याच आणा. बाकीचं निवांत वाचा.

मी व्हर्मांट आणि न्यू हॅम्पशर भागात एकोणीस हिवाळे स्टोव्ह आणि धुराडी बसवतो आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या लोकांच्या घरांतून हीच तक्रार वारंवार येते, आणि त्यामागचं कारण सरळ आहे. इथली नवी घरं डब्यासारखी बंद असतात आणि आपला स्वयंपाक मोठा पंखा मागतो. कोकणातल्या कौलारू घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून झिरपत वर जायचा, त्या घराला हवा कधी कमी पडलीच नाही. तुमच्या घरात मात्र पंख्यानं बाहेर टाकलेली प्रत्येक घनफूट हवा कुठून तरी परत आत यावी लागते. फटी नाहीत, खिडक्या बंद आहेत, मग सगळ्यात सोपा रस्ता कुठला? आठ इंच व्यासाचं, थेट आकाशात उघडणारं धुराडं. ते उलटं वाहू लागतं.

आता हिशेब मांडतो, कारण या विषयावरची बहुतेक भांडणं आकडे न मांडल्यामुळेच होतात.

घर किती घट्ट आहे हे मोजायला दारात पंखा बसवून घरातला दाब बाहेरपेक्षा ५० पास्कलनं कमी करतात आणि त्यासाठी किती हवा खेचावी लागली ते बघतात. याला ब्लोअर डोअर चाचणी म्हणतात. राज्यांसाठी नमुना म्हणून बनवलेल्या २०१२च्या ऊर्जा संहितेनं थंड प्रदेशासाठी मर्यादा घातली ती अशी, की या दाबाला घरातली सगळी हवा तासाला ३ पटींपेक्षा जास्त बदलू नये. प्रत्येक राज्यानं ती तशीच उचलली नाही, पण काळजीपूर्वक बांधलेलं घर साधारण तिथे येतं. तुमचं घर तळघरासकट २०,००० घनफुटांचं धरू. मग ३ पट म्हणजे मिनिटाला १,००० घनफूट. हूडवर ९०० लिहिलं असलं तरी नळीतली वळणं आणि घराचा विरोध धरून तो प्रत्यक्षात ५०० खेचतो असं समजू. तेवढ्यानं घरातला दाब बाहेरपेक्षा सुमारे १७ पास्कलनं खाली जातो. तोच हूड शंभर वर्षांच्या जुन्या, फटींच्या शेतघरात लावला, जिथे तासाला १० पट हवा गळते, तर दाब जेमतेम ३ पास्कल उतरेल.

आणि स्टोव्ह स्वतः किती हवा घेतो? घट्ट दाराचा आजचा लाकडाचा स्टोव्ह मिनिटाला १० ते २५ घनफूट. २० धरले तर तुमच्या घट्ट घरातसुद्धा त्यामुळे दाब ०.१ पास्कलच्या आसपास कमी होतो, म्हणजे न मोजण्याइतका.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा: ०.१ आणि १७. स्टोव्ह हवेसाठी गुदमरतो आहे असं दुकानदाराला वाटतं. प्रत्यक्षात स्टोव्हचा घास हूड पळवतो आहे.

उघड्या फायरप्लेसची गोष्ट वेगळी. ती मिनिटाला काहीशे घनफूट हवा सहज ओढते, म्हणून घट्ट घरात ती स्वतःच स्वतःची अडचण होते. जुन्या लोकांचे अनुभव बहुधा फायरप्लेसचे असतात आणि ते जसेच्या तसे स्टोव्हला लावले जातात. तिथून गोंधळ सुरू होतो.

मग रात्री धूर का नाही, सकाळीच का? धुराड्याची ओढ म्हणजे आतल्या गरम, हलक्या वायूचा आणि बाहेरच्या थंड, जड हवेचा फरक. बाहेर उणे १० अंश सेल्सिअस आहे आणि धुराडं ८ मीटर उंच आहे असं धरा. आत सरासरी १५० अंश तापमान असेल तर ओढ जवळपास ४० पास्कल निघते. घट्ट घरात हूडनं १७ काढून घेतले तरी धूर वरच जातो. म्हणून रात्री तुम्हाला काही जाणवत नाही.

पहाटेपर्यंत स्टोव्हमध्ये फक्त निखारे उरतात. तुमचं धुराडं घराबाहेर, थंडीत उभं आहे. त्यातलं सरासरी तापमान १५ अंशांपर्यंत उतरलं की ओढ राहते ९ पास्कल. आणि इथे घर स्वतःच मधे येतं, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. तुमचं अख्खं गरम घर हेच एक धुराडं आहे. गरम हवा वरच्या मजल्याच्या फटींतून बाहेर जाते, त्यामुळे तळघरात दाब कायम बाहेरपेक्षा कमी असतो. तुमच्या उंचीच्या घरात त्या थंडीला तळघरात ५ ते ६ पास्कल कमी. म्हणजे ९ मधले ५ आधीच गेले, हातात उरले तीन-चार. तेवढ्यात वर तुम्ही पोह्यांसाठी मोहरी तडतडवायला हूड लावता आणि सतरा पास्कलचा धक्का बसतो. धुराडं उलटतं. वास येतो तो याचाच.

हाच क्षण सगळ्यात धोक्याचा. निखाऱ्यांना ज्वाळा नसते, धूरही जवळपास नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, आणि त्याला वास नाही. तुम्हाला जो वास येतो तो थंड काजळीचा. तो येतो हे तुमचं नशीब, कारण निदान कळतं तरी. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेली माणसं बेशुद्ध पडतात, कधी जीवही जातो, तो हाच वायू. तिथे ज्वालेला ताजी हवा मिळत नाही, इथे जळालेला वायू बाहेर पडत नाही. माणसाच्या रक्ताला दोन्ही सारखेच.

अलार्मबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. अमेरिकेतले सर्वसाधारण अलार्म यूएल २०३४ या मानकाप्रमाणे बनतात. हवेत दहा लाखात ७० भाग वायू असेल तर त्यांना वाजायला एक ते चार तास मुभा असते, ४०० भाग असतील तर ४ ते १५ मिनिटं. ३० भागांच्या आसपासच्या पातळीला ते वाजूच नयेत अशी त्यांची रचना आहे. त्यामुळे "अलार्म वाजला नाही म्हणजे सगळं ठीक" असं धरू नका. आकडा दाखवणारा आणि कमी पातळीही नोंदवणारा मॉनिटर थोडा महाग मिळतो. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा हृदयविकाराचा माणूस असेल तर तोच घ्या.

आता मूळ प्रश्न, बाहेरची हवा थेट स्टोव्हला देण्याचा.

ज्यांनी लहानपणी तांब्याचा बंब पेटवला आहे त्यांना हे पटकन कळेल. बंबाच्या बुडाशी जाळी, मधून उभी नळी, नळीत ढलप्या आणि गोवऱ्या. खालून हवा येते, वरून धूर जातो. खालची राख साफ केली नाही तर हवा कोंडते आणि विस्तव धुमसतो. बाहेरच्या हवेचं किट म्हणजे बंबाची ती खालची जाळी एका नळीनं भिंतीपलीकडे नेऊन जोडायची. कल्पना उत्तम आहे. तिच्यानं काय होतं आणि काय होत नाही, हे मात्र नीट वेगळं करायला हवं.

चार इंची भोकातून ५ पास्कलच्या फरकाला मिनिटाला साधारण ३० घनफूट हवा येते. स्टोव्हला ती पुरून उरते. पण तुमचा हूड ५०० खेचतो आहे, त्याच्यापुढे ३० म्हणजे समुद्रात चमचा. दुकानदाराची नळी घरातला दाब जागेवर आणू शकत नाही, आणि तुमचा आजार दाबाचा आहे.

मग शेजारचे गृहस्थ बरोबर? तेही पुरते नाहीत. स्टोव्ह खरोखर घट्ट असेल, म्हणजे जळणाची सगळी हवा त्या नळीतूनच घेत असेल, तर आतल्या विस्तवाचं नातं बाहेरच्या दाबाशी जुळतं आणि घरातला दाब खाली गेला तरी धूर खोलीत यायला दाराच्या पट्टीच्या फटीच उरतात. त्यानं फरक पडतो. अडचण अशी की अमेरिकेत विकले जाणारे बरेच स्टोव्ह इतके घट्ट नसतात. किट लावल्यावरही काचेवरून खाली येणारी हवा किंवा पेटवणीच्या वेळची हवा काही मॉडेल खोलीतूनच घेतात. तुमच्या स्टोव्हच्या पुस्तिकेत किटचं पान उघडून नेमकं काय जोडलं जातं ते बघा. आणि दार उघडून लाकूड टाकताना कुठलाच स्टोव्ह घट्ट नसतो. त्या अर्ध्या मिनिटात हूड चालू असेल तर किट असूनही धूर तोंडावर येणार.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. या धंद्यातल्या तिसऱ्या की चौथ्या हिवाळ्यात एका नव्या, घट्ट घरी अशीच तक्रार होती. मी किट बसवलं, स्टोव्ह पेटवला, ओढ छान होती, बिल घेऊन निघालो. हूड आणि ड्रायर एकत्र लावून तपासलं नाही. दोन आठवड्यांनी पहाटे त्यांच्या घरचा अलार्म वाजला. अग्निशमनवाले आले, माणसं सुखरूप बाहेर पडली. त्या रात्री स्टोव्हमध्ये निखारे होते आणि वर ड्रायर लावून कोणीतरी झोपलं होतं. तेव्हापासून सगळे पंखे एकदम चालवून, धुराडं थंड असताना तपासल्याशिवाय मी कामावर सही करत नाही. तुमच्याकडे येणाऱ्या माणसालाही हे करायला लावा. त्याला अर्धा तास लागतो.

तीच तपासणी तुम्ही घरीसुद्धा करू शकता. स्टोव्ह पूर्ण थंड असलेला दिवस निवडा, बाहेर जितकी थंडी तितकं बरं. सगळ्या दारं-खिडक्या लावा. तळघराचं दार मात्र घरात एरवी जसं असतं तसंच ठेवा. मग उदबत्ती पेटवून स्टोव्हचं दार बोटभर उघडा आणि त्या फटीपाशी धरा. धूर आत ओढला गेला तर ओढ शिल्लक आहे. बाहेर, तुमच्याकडे आला तर घर धुराड्यापेक्षा जास्त ओढतं आहे, तेही पंखे न लावता. आता एकेक पंखा लावत जा: बाथरूम, ड्रायर, मग हूड पहिल्या वेगाला, दुसऱ्या वेगाला. ज्या टप्प्याला उदबत्तीचा धूर वळला तो कागदावर लिहा. शेवटी हूड चालू ठेवून तळघराची खिडकी दोन बोटं उघडा. धूर पुन्हा आत वळतो का, किती उघडल्यावर वळतो, तेही लिहा. ती उघडी फट म्हणजे तुमच्या घराला कमी पडणाऱ्या हवेचं माप.

खिडकी उघडायची ती खालचीच, आणि शक्यतो वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूची. वरच्या मजल्याची खिडकी उघडली तर गरम हवेला निघून जायला आणखी मोठी वाट मिळते आणि तळघरातला दाब आणखी उतरतो. धूर झाला की घाबरून लोक वरच्या खिडक्या उघडतात, आणि धूर वाढतो.

उपायांचा क्रम माझ्या मते असा असावा, आणि इथे मी हट्टी आहे. आधी हूड.

अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेत, म्हणजे आयआरसीमध्ये, नियमच आहे: घरात धुराड्याच्या नैसर्गिक ओढीवर चालणारं जळणाचं साधन असेल आणि हूड ४०० सीएफएमपेक्षा जास्त खेचू शकत असेल, तर हूडच्या बरोबरीनं भरपाईची हवा आत आणायची सोय करावी लागते. मेकअप एअर म्हणतात ती हीच. ९०० सीएफएमचा हूड लाकडाच्या स्टोव्हच्या घरात भरपाईच्या हवेशिवाय बसवायलाच नको होता. बसवणाऱ्याला तळघरात स्टोव्ह आहे हे कदाचित कोणी सांगितलं नसेल. तुमच्या गावचा बिल्डिंग इन्स्पेक्टर तिथे नेमका कुठला मजकूर लागू आहे ते सांगेल. त्याला फोन करायला बिचकू नका.

पण ९०० घनफूट भरपाईची हवा आणायची म्हणजे काय, तेही बघा. बाहेर उणे १५ असताना ती २१ अंशांवर न्यायला १८ किलोवॉटच्या वर उष्णता लागते. तुमचा स्टोव्ह पूर्ण ताकदीनं जळून एवढी देत नाही. म्हणजे मोठ्या हूडला पुरेशी हवा द्यायची तर एका मोठ्या हीटरचा खर्च अंगावर येतो, नाहीतर स्वयंपाकघरात बर्फाळ वारा.

म्हणून मी आपल्या लोकांना सांगतो, हूड लहान आणि खोलगट घ्या. फोडणी आणि तळणी मागच्या बर्नरवर करा, हूड भिंतीला असेल तर तिथला धूर पुढच्यापेक्षा खूप चांगला पकडला जातो. पुढचे बर्नर पूर्ण झाकणारा, खाली वाडग्यासारखी खोली असलेला ३०० ते ४०० सीएफएमचा हूड सपाट ९०० सीएफएमच्या हूडपेक्षा कामाला जास्त येतो. नवा घ्यायचा नसेल तर आहे त्याचा सगळ्यात वरचा वेग इलेक्ट्रिशियनकडून बंद करून घेता येतो का ते बघा. मासे तळायचे असतील, पुरणपोळीच्या दिवशी पाहुणे असतील, तेव्हा खालची खिडकी उघडून त्या वेळेपुरता स्टोव्ह थंड ठेवा. वर्षातले असे दिवस किती?

हूड मोठाच ठेवायचा असेल तर भरपाईची हवा हूडच्या बटणाला जोडून घ्या. हूड लागला की मोटरची झडप उघडते, हूड बंद झाला की मिटते. आठ किंवा दहा इंची नळी, शक्यतो तापवणाऱ्या कॉइलसह. हे काम एचव्हीएसी, म्हणजे घराची तापवणी आणि हवा खेळवण्याची व्यवस्था बसवणाऱ्या, कंत्राटदाराचं, स्टोव्हवाल्याचं नव्हे.

हूडचं काम उरकल्यावर उदबत्ती पुन्हा लावा. सगळे पंखे चालू असताना थंड धुराडं आत ओढत असेल तर बाहेरच्या हवेची नळी लागणार नाही. तरीही वास येत असेल, किंवा घर फारच घट्ट असेल, किंवा स्टोव्हच्या पुस्तिकेत ती सक्तीची असेल, तर ती बसवाच. कारखान्यात बनून चाकांवर येणाऱ्या घरात, ज्याला पूर्वी मोबाइल होम म्हणत, केंद्रीय नियमांप्रमाणे जळणाची हवा बाहेरूनच थेट जळणकक्षात यावी लागते, आणि स्टोव्हही त्या घरांसाठी प्रमाणित असावा लागतो. वॉशिंग्टन राज्यात नव्या घरांतल्या लाकडाच्या साधनांना बाहेरची हवा द्यावीच लागते. अशा ठिकाणी वाद घालण्यात अर्थ नाही.

फक्त "बाहेरची हवा दिली की घरातली गरम हवा वाचते आणि लाकूड कमी लागतं" या कारणासाठी कोणी किट विकत असेल तर घेऊ नका. मिनिटाला २० घनफूट हवा उणे १० वरून २१ अंशांवर आणायला साधारण ३५० वॉट लागतात. सहा-सात हजार वॉट देणाऱ्या स्टोव्हपुढे ही रक्कम किरकोळ. शिवाय ती थंड हवा थेट विस्तवात गेली तर तिथेच तापवावी लागते आणि जळणकक्ष तेवढा थंड राहतो. बचतीचा हिशेब शेवटी जवळपास शून्यावर येतो.

बसवायचंच ठरलं तर नळीचे धोके जाणून घ्या, कारण चुकीची नळी नसलेल्या नळीपेक्षा वाईट. एका डोंगरमाथ्यावरच्या घरी कोणीतरी ही नळी तळमजल्याच्या स्टोव्हपासून भिंतीतून उंच पोटमाळ्यापर्यंत नेली होती. स्टोव्हपेक्षा उंच गेलेली नळी धुराडंच होते. वारा उलटा फिरला की जळता वायू तिच्यातून वर चढू लागतो. मी उघडली तेव्हा स्टोव्हजवळचा पहिला तीन फुटांचा तुकडा निळसर काळा पडला होता आणि पुढे, लाकडी चौकटीला लागून, प्लास्टिकची लवचिक नळी होती. ती आग लागायच्या आधी सापडली, एवढंच.

म्हणून नळीचं बाहेरचं तोंड जळणकक्षापेक्षा उंच कधीही नको. आयआरसीत फायरप्लेसच्या हवेबाबत हेच लिहिलं आहे, आणि गॅरेजमधून किंवा तळघरातून हवा घ्यायचीही मनाई आहे. तुमचा स्टोव्ह तळघरात आहे, तिथे हा नियम जाचतो: बाहेरची जमीन स्टोव्हपेक्षा उंच, म्हणजे नळी वर चढवावी लागणार. अशा जागी मी नळी बसवायचं टाळतो. बसवायची तर उत्पादकाला लेखी विचारतो आणि स्टोव्हच्या पुस्तिकेत परवानगी असेल तेवढंच करतो. दुकानदारानं तुमच्या तळघराची जमीन पाहून किट सुचवलं का, हे त्याला जरूर विचारा.

बाहेरचं तोंड वारा येतो त्या बाजूला असावं. आडोशाच्या बाजूला वारा भिंतीपासून हवा ओढून घेतो आणि तिथलं भोक हवा आत आणायच्या ऐवजी बाहेर काढतं. आमच्याकडे हिवाळ्यात जोराचा वारा बहुधा वायव्येकडून येतो, पण तुमच्या घराभोवतीची झाडं आणि टेकडी त्याला वळवतात. दोन-तीन वादळी दिवस नीट बघा, मग भोक पाडा. तोंडाशी पाव इंची भोकांची न गंजणारी जाळी हवी, नाहीतर उंदीर आणि गांधीलमाश्या घर करतात. ते नेहमीच्या बर्फाच्या उंचीवर असावं, आणि ड्रायरच्या, भट्टीच्या किंवा गाडीच्या धुराच्या तोंडापासून लांब. स्टोव्हजवळची नळी धातूचीच, कडक असली तर फारच छान. खोलीतून जाणारी नळी बाहेरच्या हवेनं थंडगार होते आणि तिच्यावर पाणी सुटतं, म्हणून तिला ऊष्णतारोधक गुंडाळून वरून बाष्परोधक वेष्टण द्या. स्टोव्हच्या लगतचं गुंडाळण न जळणाऱ्या खनिज लोकरीचंच असू द्या. पैसे वाचवायला चारऐवजी तीन इंची नळी घेऊ नका: तेवढीच हवा जायची तर घर्षण चौपटीच्या वर जातं आणि स्टोव्ह पेटायला कुरकुरतो.

तुमच्या धुराड्याबद्दलही एक बोलायला हवं. ते बाहेर, थंडीत आहे, आणि तो तुमच्या त्रासाचा निम्मा भाग आहे. आतून, घराच्या मधून वर गेलेलं धुराडं पहाटेही कोमट राहतं आणि सहजी उलटत नाही. आता ते हलवणं परवडणार नाही. पण त्याभोवतीची बाहेरची पेटी आतून ऊष्णतारोधक लावून बंद आहे का, उंची पुरेशी आहे का, हे तपासा. नियम असा की छतातून बाहेर आल्या जागेपासून किमान ३ फूट, आणि १० फुटांच्या आतल्या कुठल्याही भागापेक्षा किमान २ फूट उंच. थंड धुराडं पेटवायच्या आधी तळघराची खिडकी किंचित उघडून, वर्तमानपत्राचा पेटता बोळा नळीच्या तोंडाशी मिनिटभर धरून आधी ओढ जागी करा, मग लाकूड पेटवा.

युरोपातल्या काही मराठी मित्रांनी हेच विचारलं होतं, म्हणून त्यांच्यापुरतं. जर्मनीत खोलीच्या हवेवर अवलंबून नसलेले स्टोव्ह वेगळ्या मान्यतेनं मिळतात आणि त्यांची दारं आपोआप मिटतात. साधा स्टोव्ह आणि बाहेर हवा टाकणारा हूड एकत्र असतील तर खिडकीला संपर्क-स्विच बसवतात, म्हणजे खिडकी उघडल्याशिवाय हूड चालूच होत नाही. घरातला दाब बाहेरपेक्षा ४ पास्कलहून जास्त उतरू द्यायचा नाही, आणि स्टोव्ह वापरण्याआधी त्या भागाच्या अधिकृत धुराडेवाल्याची मान्यता लागते. मला ती व्यवस्था फार आवडते. खिडकीचा स्विच इथे अमेरिकेत घालून द्यायला सांगितलं तर कंत्राटदार चमकतात, पण काम अवघड नाही. इंग्लंडमध्ये ५ किलोवॉटपर्यंतच्या बंद स्टोव्हला जुन्या, गळक्या घरात वेगळं भोक लागत नाही आणि त्यावरच्या प्रत्येक किलोवॉटला ५५० चौरस मिलिमीटरचं कायम उघडं भोक लागतं. घट्ट नव्या घरात मात्र पहिल्या किलोवॉटपासूनच.

ताई, आता तुमच्याकडून मला हवं ते. हूडचं मॉडेल आणि प्रत्येक वेगाचा सीएफएम. स्टोव्हच्या मागे लावलेल्या धातूच्या पाटीचा फोटो आणि पुस्तिकेतलं किटचं पान. स्टोव्हच्या बुडापासून बाहेरच्या जमिनीपर्यंत किती फूट वर जावं लागतं ते. आणि उदबत्तीचा कागद: कुठल्या पंख्याला धूर वळला आणि खिडकी किती उघडल्यावर सरळ झाला. ब्लोअर डोअर चाचणी झाली असेल तर तिचा आकडा. एवढं आलं की भरपाईच्या हवेची झडप किती इंची लागेल हे मी सांगू शकेन, आणि नळी लागेल की नाही, तेही.